बिरूचं पान

सोमशेखरनं पिशवीतून दोन किलोचं लोखंडी माप काढलं आणि पार्वतीबाईच्या काट्याला अडकवलं. काटा थरथरला, दोनवर येऊन थांबला. त्यानं माप उतरवलं, पुन्हा अडकवलं. पुन्हा दोन.

"काटा बरोबर आहे," तो म्हणाला.

"खोटं बोलायला काट्याला काय नोकरी टिकवायचीय व्हय, सायेब?"

सोमशेखर हसला. गुलबर्ग्याहून आलेला, तिशीतला, एकेक आकडा दोनदा बघणारा माणूस. चार दिवस नौबादला एका खोलीत उतरला होता आणि रोज पहिल्या बसनं एकेक गाव गाठत होता. घरची भाषा कन्नड, पण बायकांना प्रश्न विचारता येतील इतकी मराठी त्याला चांगली येत होती.

घरभेटीची योजना सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. ज्या घरात तीन वर्षांखालचं मूल असेल त्या घरी गावातल्याच एका बाईनं दर आठवड्याला जायचं, मूल तोलायचं, आईला चार गोष्टी सांगायच्या, वहीत लिहायचं. कवठाळवाडीत हे काम पार्वतीबाईला मिळालं, कारण सातवी पास आणि दारोदार फिरायला तयार अशी दुसरी बाई वाडीत नव्हती. बौद्धांच्या आळीतली बाई आपल्या दारात येणार म्हणून पहिले सहा महिने अर्ध्या वाडीनं नाकं मुरडली. मग मुरडलेल्या नाकांनीच मुलं तिच्या काट्यात ठेवायला दिली. अंगणात. ओट्याच्या खाली.

आता शहाऐंशीच्या श्रावणात वरून हुकूम आला होता, की या भेटी खरंच होतात का ते बघा. चिठ्ठ्या टाकून सात घरं काढली होती. सातातली पाच घरं वहीशी जुळली तर बाई राहणार. नाही जुळली तर बाई जाणार.

सहा झाली होती. चार घरं जुळली. एका घरातली सून माहेरी गेलेली, दाराला कडी. एका घरातल्या म्हातारीनं सरळ सांगितलं, "हिकडं कोन येत न्हाई बाबा." गेल्याच शुक्रवारी तिच्या नातवाला पार्वतीबाईनं तोललं होतं. पण शेजारपाजार कान देऊन उभा होता, आणि आपल्या घरातलं लेकरू हिच्या हातात जातं हे चारचौघांत कबूल करायचं म्हातारीच्या जिवावर आलं. सोमशेखरनं लिहिलं, 'भेट होत नाही.'

त्यानं सातवं पान उघडलं आणि थांबला.

"बिरू लिंगाप्पा. सहा महिन्यांत भेटी सत्तावीस. शेवटचं वजन पाच किलो नऊशे." त्याखाली लाल शाईत एकच शब्द होता. 'मृत.' त्यानं पान उलटं करून बघितलं, पुन्हा सरळ केलं. "हे घर गेलं, पार्वतीबाई."

"गेलं म्हंजे?"

"मूल हयात नसेल तर घर मोजायचं नाही. नियम आहे. त्याच्या बदली दुसरं घर घ्यायचं." त्यानं यादी काढली. "कोंडाबाईचं घर. कुठं आलं?"

"आमच्याच आळीत."

कोंडाबाईचं घर म्हणजे जुळलेलंच घर. कोंडाबाईची लेक आठवड्याला दारात वाट बघत उभी असायची. पाचवं घर मिळालं होतं. पार्वतीबाईनं काटा पिशवीत घातला, पिशवीचं तोंड बांधलं, आणि बांधलेली गाठ पुन्हा सोडली.

"सायेब, ह्या घरी मी सत्तावीस येळा गेलेय. इतकं कुनाच्याच घरी न्हाई गेले."

"लिहिलंय ना."

"मग ते मोजत कामून न्हाईत?"

"विचारायचं कुणाला, अन् काय विचारायचं?" सोमशेखर चिडला नव्हता, समजावत होता. "फॉर्मातला पहिला प्रश्न, मूल काय खातं. तिथंच अडतं."

फॉर्म सोळा पानांचा होता. बाई आली का, किती वेळा आली, किती वेळ बसली, काय बोलली, हसून बोलली का. हगवणीच्या पुड्या चार महिने तालुक्याहून आल्या नव्हत्या, पार्वतीबाईनं तीन वेळा चिठ्ठी लिहून कळवलं होतं, आणि पुड्यांचा रकाना सोळा पानांत कुठंच नव्हता. बिरूला हगवण लागली तेव्हा तिनं मीठ-साखरेचं पाणी करून पाजलं होतं. दोन दिवस, चमच्यानं. त्यासाठी तिला धनगरांच्या ओट्यावर चढावं लागलं, आत जावं लागलं, आणि बिरूच्या आजीनं, तानुबाईनं, तिला अडवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी बिरूला खांद्यावर घेऊन ती आणि बिरूची आई अंबुबाई चार कोस चालत दवाखान्यात गेल्या. दवाखान्याला कुलूप होतं. ज्याच्याकडं किल्ली होती तो लग्नाला गेला होता. लेकरानं पायरीवरच मान टाकली. अकरा महिन्यांचं लेकरू. हैदराबादला मातीकामावर असलेला बाप चौथ्या दिवशी आला, भिंतीला टेकून बसला, आणि हजेरी बुडते म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेला.

हे सगळं सोळा पानांच्या बाहेरचं होतं.

"चला," सोमशेखर म्हणाला. "मला दोनची बस आहे."

कोंडाबाईच्या घराची वाट धनगरआळीतूनच होती. पार्वतीबाई पुढं चालत होती. लिंगाप्पाचं घर आलं तसा तिनं पदर सारखा केला आणि नजर वाटेवर ठेवली.

"सायेब! ओ सायेब!"

अंबुबाई ओट्याच्या कडेला बसली होती. डोकं विंचरलेलं, धुतलेलं लुगडं, आणि मांडीवर एक लेकरू. लेकराला न्हाऊ घातलं होतं, डोळ्यात काजळ, कपाळाला टिक्का.

"समद्यांच्या घरी जायलाव, मग आमचंच घर दिसंना व्हय? आमी काय लेकरंबाळं न्हाईत का काय?"

पार्वतीबाईचे पाय जागच्या जागी थांबले. लेकरू नीलव्वाचं होतं. नीलव्वा म्हणजे अंबुबाईची थोरली जाऊ, एकाच घरात दोन चुली. ती आतल्या दारात उभी होती, एक हात चौकटीवर, दुसऱ्या हाताची मूठ तोंडाशी. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला तानुबाई बसली होती, आणि ती कुणाकडंच बघत नव्हती.

सोमशेखरनं घर बघितलं, यादी बघितली. "हे लिंगाप्पाचं घर?"

"व्हय. मी त्येची बायकू. अन् ह्यो बिरू."

चौकटीवरचा नीलव्वाचा हात सरकला. जित्या लेकराला मेलेल्याच्या नावानं हाक मारली तर काय होतं, हे त्या आळीत कुणाला सांगावं लागत नाही. तिनं जमिनीवर थू केलं, पुन्हा केलं, पण पुढं आली नाही. मघाशी बोअरवर बायका बोलल्या होत्या की सातवं घर फसलं तर पार्वतीबाई गेली. बदली घराचं कुणालाच माहीत नव्हतं. अंबुबाई पाण्याची घागर तशीच टाकून घरी आली होती, आणि जावेपाशी जाऊन घटकाभर नुसती उभी राहिली होती. नीलव्वानं लेकरू दिलं. कसं दिलं हे तिचं तिलाच ठाऊक.

सोमशेखरनं सायकलच्या कॅरिअरला बांधतात तशी रबरी पट्टी लावलेला फॉर्म सोडवला. वहीतल्या लाल शब्दाचा विषय आत्ताच न काढता तो अंगणातल्या उखळावर बसला.

"मूल काय खातं, बाई?"

"समदं खातंय. भाकरी कुस्करून देते, दुधात. वरनाचं पानी. ह्या आक्कानं सांगितलं तसं. आधी काय खाईना, थुकायचं. आता मागून खातंय. हात धरून हुबं ऱ्हातंय बगा. चार दिवस झालं, 'अव्वा' म्हनायलंय."

"वय?"

"येत्या अवसेला वरीस भरतंय."

पार्वतीबाईनं डोळे मिटले. अवसेला वर्ष भरत होतं, हे खरं होतं.

"ही बाई घरी येते?"

"शुक्करवारी. एक शुक्करवार चुकला न्हाई. पावसात आली, सनाला आली. ह्याला बरं नव्हतं तवा सकाळ-संध्याकाळ आली. सत्तावीस येळा." अंबुबाईचा आवाज चढत गेला. "हिथं, ह्या ओट्यावर, मांडीवर घिऊन बसली, सायेब. आमच्या आत्याबाईला इचारा. आमच्या घरात हिच्यावानी कोन ईत न्हाई. सक्की बहीन आली न्हाई माजी."

सोमशेखर लिहीत होता. सत्तावीस हा आकडा ऐकून त्याची पेन्सिल थांबली. त्यानं वही मागितली, पान काढलं, लाल शब्दावर बोट ठेवलं आणि पार्वतीबाईकडं बघितलं.

"हे काय आहे?"

तिनं काट्याची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"मूल मेलं म्हणून लिहिलंय तुम्ही. अन् मूल इथं बसलंय."

अंबुबाईला वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय?"

"तुमचं मूल मेलं, असं."

अंबुबाईच्या हातानं लेकराच्या पाठीवर थोपटणं थांबवलं. लेकरू चुळबुळलं. तिनं पार्वतीबाईकडं बघितलं, रागानं नाही. एखाद्यानं न सांगता घरातली वस्तू उचलून नेलेली कळावी, तसं.

"चुकली आसंल आक्का," ती हळू म्हणाली. "चार घरं फिरती. चुकतंय की मानूस. हे काय, मांडीवर हाय."

"तोलू," सोमशेखर म्हणाला.

काटा त्यानं स्वतःच कडुलिंबाच्या फांदीला बांधला. लेकराला झोळीच्या चड्डीत घातलं. नीलव्वा एक पाऊल पुढं आली आणि थांबली. सात किलो चारशे. नीलव्वाचं लेकरू नऊ महिन्यांचं होतं, गुबगुबीत होतं, आणि अनोळखी माणसाच्या हातात लोंबकळत ते रडायला लागलं.

सोमशेखरनं आकडा लिहिला. त्याच्या वरचा आकडा वाचला. पाच नऊशे. त्याच्या वरचा. सहा. त्याच्या वरचा. सहा दोनशे. उतरत उतरत मृत्यूपर्यंत गेलेली रांग त्यानं बोटानं वरपासून खालपर्यंत बघितली.

"इतकं चांगलं मूल," तो म्हणाला, "अन् तुम्ही वहीत वाळवून वाळवून मारलंत. घर कमी करायला? असं करतात, मला माहीत आहे. दुसऱ्या गावात दोन सापडल्या. पण त्या निदान 'गाव सोडलं' लिहितात." त्याचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "मग त्या सत्तावीस भेटी? ह्या बाईला कुणी पढवलं सत्तावीस म्हणून?"

"कुनी न्हाई पढवलं," अंबुबाई म्हणाली. "खरंच आली ती. देवाची आन."

"बाई, तुम्ही थांबा." तो तानुबाईकडं वळला. "आजी, तुम्ही सांगा. हा नातू ना तुमचा?"

तानुबाईनं मान वर केली. दोन वर्षं जिनं पार्वतीबाईला 'ए पारे' सोडून दुसरी हाक मारली नव्हती, भर हगवणीत बिरूला पाजून ती घरी गेल्यावर जिनं ओट्यावर शेणपाणी टाकलं होतं, ती म्हातारी पार्वतीबाईकडं बघत राहिली. त्या बघण्यात हुकूम नव्हता. आता तू काय बोलशील, एवढीच भीती होती.

"नातूच हाय," ती म्हणाली.

एका वाक्याचं काम होतं. साहेब, हे लेकरू त्या दारातल्या बाईचं आहे, हिचं गेलं. एवढं बोललं की वहीतला प्रत्येक आकडा खरा ठरत होता. कोंडाबाईचं घर पन्नास पावलांवर होतं. पार्वतीबाईनं तोंड उघडलं.

"सायेब, ते लेकरू—"

लेकरू टाहो फोडत होतं. सोमशेखरनं झोळीतून काढून ते अंबुबाईकडं दिलं. तिनं त्याला छातीशी धरलं, हलवलं, ते थांबेना. ते तोंडानं तिच्या चोळीवर शोधत होतं. अंबुबाईनं इकडंतिकडं बघितलं नाही. तिनं पदर ओढला, लेकराला पदराखाली घेतलं, आणि रडणं बंद झालं. घटक्‌ घटक्‌ असा गिळण्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

वीस दिवस झाले होते. पार्वतीबाई या वीस दिवसांतही येत होती. मूल नसलेल्या घरी गेलेलं वहीत लिहायचं नसतं, म्हणून लिहीत नव्हती. छाती दगडासारखी झाली म्हणून अंबुबाई रडली, तेव्हा मोगऱ्याची फुलं फडक्यात बांधून छातीवर ठेव, दूध आटतं, हे तिनंच सांगितलं होतं. फुलं तिनंच आणून दिली होती. फुलं कोनाड्यात वाळून पडलेली तिनं परवाच बघितली, आणि काही बोलली नव्हती.

दारात नीलव्वानं दोन्ही हात आपल्या छातीवर घट्ट दाबून धरले. तिच्या चोळीवर ओल पसरत होती.

सोमशेखरनं संकोचानं मान फिरवली. तो कडुलिंबाच्या शेंड्याकडं बघत होता. त्याच्यापुरता प्रश्न मिटला होता.

"बोला, पार्वतीबाई. काय म्हणत होता?"

पदराखालचा लहानसा पाय बाहेर आला होता आणि अंबुबाईनं तो मुठीत धरला होता. तिचे डोळे मिटलेले होते. काल, परवा, या वीस दिवसांत कधीच तिचा चेहरा इतका सैल झालेला पार्वतीबाईनं पाहिला नव्हता.

"काय न्हाई," पार्वतीबाई म्हणाली. "चूक झाली."

"कशी झाली?"

"झाली."

"असं नाही चालत. कारण लिहावं लागतं."

"मग लिवा, बाईला अक्कल न्हाई."

सोमशेखर तिच्याकडं बघत राहिला. तो वाईट माणूस नव्हता. सकाळपासून तिच्याबरोबर फिरला होता, तिचा काटा बरोबर निघाला होता, मुलं तिला ओळखून हसली होती. कुठंतरी काहीतरी बसत नाही हे त्याला दिसत होतं. पण जे बसत नाही ते लिहायला जागा नव्हती, आणि बसची वेळ झाली होती. त्यानं पेन पुढं केलं.

"तो शब्द खोडा. बाजूला सही करा. आजचं वजन तुमच्या हातानं लिहा."

ती उखळाजवळ उकिडवी बसली. वही गुडघ्यावर घेतली. हा एक शब्द लिहायला तिला दोन दिवस लागले होते. सातवी शिकलेल्या पगारी बाईला एवढा वेळ कशाला लागतो असं वह्या तपासणाऱ्या वरच्या बाईनं विचारलंही होतं. तिनं तो खोडला. नीट, एका रेघेत. सही केली. खाली तारीख टाकली, आणि सात किलो चारशे लिहिलं.

सोमशेखरनं आपल्या फॉर्मावर शेवटच्या पानाला शेरा मारला. वाचून दाखवायचा नियम होता, त्यानं वाचला. "नोंदी विश्वासार्ह नाहीत." मग थोड्या वेळानं, यादी घडी करत म्हणाला, "कोंडाबाईकडं जायची आता गरज नाही. सातवं घर मिळालं. जुळलं मात्र नाही."

"बरं."

"आयतु, झालं मग. तुमचा काटा अन् वही सोमवारी तालुक्याला जमा करा."

तो गेला. आळीच्या टोकाशी वळताना त्यानं एकदा मागं बघितलं, मग भराभरा चालायला लागला.

पार्वतीबाईनं फांदीचा काटा सोडला. झोळीची चड्डी झटकली. तिला एक शिवी द्यायची होती, आणि ती कुणाला द्यावी हे ठरत नव्हतं.

"आक्का."

अंबुबाईनं डोळे उघडले होते.

"काय लिवलं ते वाचून दावा की."

पार्वतीबाईनं वही उघडली. "बिरू लिंगाप्पा. सात किलो चारशे."

"आनि?"

"आनि काय?"

"बरा हाय म्हनून लिवलं का?"

पार्वतीबाईनं पानाकडं बघितलं. तिथं आकडे होते, खोडलेला शब्द होता, सही होती.

"लिवलंय," ती म्हणाली.

"मग आता खोडू नगा."

लेकरू झोपलं होतं. नीलव्वा उंबरा ओलांडून ओट्यावर आली, अंबुबाईपुढं वाकली, आणि दोन्ही हात पुढं केले. अंबुबाईनं पदर लेकराच्या डोक्यावरून आणखी ओढला.

"निजलंय," ती म्हणाली. "जरा निजू द्या."

नीलव्वा हात पुढं धरून तशीच वाकून उभी राहिली.